भेटीला जाशील तेव्हा

अगं, तुझा फोन झाल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. मंडळीत आजारी, एकट्या, दुःखात असलेल्या माणसांकडे नेमानं जाणारा एक गट उभा करायचा, पाळकसाहेबांनी होकार दिलाय, महिला मंडळातल्या काहीजणी तयार आहेत, आणि आता तू विचारतेस, "ताई, सुरुवात कुठून करू?" तुझ्यामागे लेकरांचा गोंधळ चालला होता, धड बोलणं झालं नाही. म्हणून लिहिते. जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाच.

सगळ्यात आधी जे सांगणार आहे ते तुला कदाचित रुचणार नाही. पहिला नियम तोंडाचा कर. आपल्या मंडळीत देणाऱ्या हातांची कधीच वाण नव्हती. कुणाकडे मयत झाली की तासाभरात चटया येतात, चहाचं पातेलं चढतं, कुणीतरी न सांगता दफनभूमीची व्यवस्था बघायला निघालेलं असतं. यात आपली माणसं कुठं कमी पडत नाहीत. कमी पडतात ती ऐकलेलं पोटात ठेवायला. उपवास प्रार्थनेला एखादी बहीण उभी राहते आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "अमकीसाठी प्रार्थना करा, तिचा नवरा परत प्यायला लागलाय." तिच्या मनात काही वाईट नसतं. पण दुपारी ते मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांसकट फिरतं, आणि संध्याकाळी त्या बाईची सासू तिला विचारते, "घरातलं बाहेर कुणी सांगितलं?" त्यानंतर ती बाई कुणापाशीच तोंड उघडत नाही. तुझ्यापाशीही नाही.

निलंगा काही पुणे-मुंबई नाही. इथं भाजीवाली, शाळेतल्या बाई, दवाखान्यातली सिस्टर, सगळ्यांना सगळे ओळखतात. काही घरांत तर कोण रविवारी उपासनेला येतं हेसुद्धा चारचौघांत सांगायचं नसतं. अशा गावात भेटीला जाणाऱ्या बाईनं ऐकलेलं तिच्याच पोटात राहिलं पाहिजे. नवऱ्याला सांगायचं नाही, गटातल्या मैत्रिणीला नाही आणि त्या माणसाची परवानगी नसेल तर पाळकसाहेबांनाही नाही. प्रार्थना करायची असेल तर "आपल्या एका बहिणीसाठी" एवढं पुरतं. देवाला नावं ठाऊक आहेत.

याला अपवाद आहेत, आणि ते पहिल्या भेटीतच सांगून टाकायचे, म्हणजे पुढं विश्वासघात केला असं वाटत नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी जीव द्यायचं बोलत असेल, किंवा लेकराशी कुणी वाईट वागत असेल, तर गप्प बसायचं नाही. लेकरांच्या बाबतीत तर तो कायदाच आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा ज्याला कळतो त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मग आरोपी मंडळीतला कितीही मानाचा माणूस असो. "आपसात मिटवू, मंडळीची अब्रू जाईल" असं कुणी म्हणेल. तिथं तू ताठ उभी राहा. लेकरांसाठी १०९८ हा नंबर आहे. नवऱ्याकडून मार खाणाऱ्या बाईसाठी १८१ आहे, २००५ च्या कायद्याने नेमलेले संरक्षण अधिकारीही आहेत. हे नंबर तुमच्यातल्या प्रत्येकीच्या फोनमध्ये असू देत. पण मार खाणाऱ्या त्या बाईला न विचारता तिच्या वतीनं तक्रार करू नको. काय केल्यानं काय होईल हे तुझ्याहून तिला जास्त कळतं. तिला वाट माहीत असावी आणि बरोबर चालायला कुणीतरी असावं, एवढं तुमच्या हातात आहे.

आता भेटीचं. ईयोबाच्या मित्रांची गोष्ट तू संडे स्कूलच्या लेकरांना शिकवतेस. ते तिघे आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. मग तोंड उघडलं आणि त्याच्या दुःखाची कारणं सांगायला लागले. आपल्याकडच्या किती भेटी थेट त्या आठव्या दिवसापासूनच सुरू होतात बघ. "विश्वास कमी पडला असेल." "देवाची काहीतरी योजना असेल." "माझ्या मामेभावालाही हाच कॅन्सर होता." ही वाक्यं तुमच्या गटात बंद कर. प्रार्थना जरूर करा, पण आधी विचारा, "आज प्रार्थना करू का, नुसती बसू?" एखाद्या दिवशी माणसाला देवाशी बोलायचं नसतं. तेही त्याला बोलता आलं पाहिजे, आणि ते ऐकून तुझा चेहरा बदलता कामा नये.

एका घरी जे बघितलं ते सांगते. आजीबाईंना अर्धांगवायू झालेला. मंडळीतून दहा-बाराजणी भेटीला आलेल्या, गीत झालं, वचन झालं, लांबलचक प्रार्थना झाली. सून स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी चहा करत होती. बिस्किटाचा पुडा फोडताना तिचा हात थरथरत होता. आल्यागेल्यानं आजींच्या कपाळावर हात ठेवला, पण "तू शेवटची नीट कधी झोपलीस?" असं सुनेला विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर माकडहाड, खुबे, टाचा यांवर आधी लाली येते आणि मग जखम होते. घास भरवताना पाठीला आधार देऊन बसवावं लागतं, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जातं. हे सगळं ती एकटी करत होती, शिवाय लेकरांचे डबे, शेतावरची भाकरी. त्या घराला तेव्हा दहा माणसांची भेट नको होती. एकच बाई दुपारी येऊन दोन तास बसली असती आणि सून आतल्या खोलीत झोपली असती, तर त्या घरासाठी ती खरी उपासना होती. तुमच्या गटातल्या प्रत्येकीला कूस बदलायला आणि अंथरुणावरच चादर बदलायला शिकव. उपजिल्हा रुग्णालयातल्या एखाद्या सिस्टरला विनंती केलीस तर एका दुपारी दाखवतील.

पाळक कशाला आहेत मग, असं कुणीतरी विचारेल. त्यांना प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढून दाखव. यरुशलेमच्या पहिल्याच मंडळीत तक्रार उठली ती याच कामावरून: ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होतंय. प्रेषितांनी ते आपल्या अंगावर ओढून घेतलं नाही, दुर्लक्षही केलं नाही. मंडळीला सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन त्यांतला पहिला. आपल्या भागात तर एकेका पाळकाकडे किती गावं असतात. औराद शहाजानीहून निघून कासार शिरसीच्या मयतीला पोचायचं आणि रात्री निलंग्यात दवाखान्यात कुणाजवळ बसायचं, असं एका माणसानं किती वर्षं करावं?

आणि ती तक्रार भाषेची होती, हे विसरू नको. आपलंही गाव सीमेवरचं. बिदर-भालकीकडून आलेल्या कितीतरी आज्या आपल्या मंडळीत आहेत. जन्मभर त्या मराठीत बोलल्या, पण आजारपणात, विसरायला लागल्यावर कानडीवर येतात, आणि घरातल्या नातवंडांना कानडी येत नाही. अशा घरी तुझी सगळ्यात भक्तिमान बहीण पाठवू नको. जिला कानडी येतं ती पाठव, मग ती उपासनेला नेहमी उशिरा येणारी का असेना.

अमेरिकेत सेंट लुईस इथं केनेथ हॉक नावाच्या लुथरन पाळकानं, जो मानसशास्त्रज्ञही होता, १९७५ मध्ये याच स्तेफनाच्या नावानं एक काम सुरू केलं. मंडळीतल्या साध्या माणसांना पन्नास तास शिकवायचं आणि मग एका माणसाकडे एकच माणूस सोपवायचा. आठवड्यातून साधारण एक तास भेट, पुरुषांकडे पुरुष, बायकांकडे बायका. आणि भेटी देणाऱ्यांनीही महिन्यातून दोनदा एकत्र बसायचं. त्यांची पुस्तकं, त्यांची फी आपल्याला नको. पण ही बैठक मात्र अवश्य उचल. नाव न घेता, "ज्यांच्याकडे मी जाते त्या घरी असं घडलं, मला सुचेना काय करावं," एवढं बोलायला जागा पाहिजे. ज्या बाईला दुसऱ्याचं रडणं ऐकून स्वतःचं कुठं मांडता येत नाही, ती दोन वर्षांत गट सोडते, किंवा कडू होते. एका बाईकडे दोनहून जास्त घरं देऊ नको, आणि जिच्या घरी लग्न, बाळंतपण, पेरणी असेल तिला बिनबोभाट सुट्टी दे.

लांबचं कशाला, आपल्याच मातीतलं बघ. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. चारच्या सुमाराला विसर्जनाच्या जागरणानं थकलेली गावं झोपलेली, आणि किल्लारीची जमीन हलली. लातूर-उस्मानाबादमध्ये दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आपल्या निलंगा तालुक्यातली गावंही त्यात होती. घरं दगडमातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारं तेच छत झोपलेल्यांच्या अंगावर आलं. मदत उदंड आली. सरकार, सैन्य, देशभरच्या संस्था, चर्चच्याही. मदतीचे ट्रक संपले तेव्हा दुःखाला खरी सुरुवात झाली. बावन्न गावं नव्या जागी वसवली. नवी घरं भक्कम, रस्ते रुंद आणि सरळ, पण जुनी गल्ली गेली. जिच्या उंबऱ्यावर बसून रडता यायचं ती शेजारीण आता दोन ओळी पलीकडे राहायला गेली. मदत करणाऱ्यांनी घरं मोजली, त्यांच्यातलं अंतर मोजायचं राहिलं.

त्यानंतर जे झालं ते तुझ्या गटानं समजून घ्यावं असं मला फार वाटतं. घरदुरुस्तीच्या कामात हजारावर गावांतून साध्यासुध्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांच्याबरोबर काम केलं. त्या इंजिनिअर नव्हत्या, समुपदेशक नव्हत्या. घरोघर जायच्या, कुठला हप्ता मिळाला, कुठला अडकला, भिंत कशी बांधायची ते सांगायच्या, आणि बाईमाणसाचं म्हणणं कचेरीपर्यंत पोचवायच्या. त्यांच्या येण्याजाण्यानं महिला मंडळं जागी झाली. पुन्हा पुन्हा त्याच घरी जाणारी ओळखीची बाई, हेच त्यांचं बळ होतं. त्याच १९९३ मध्ये, तिकडे केरळात, कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदना कमी करणारा, मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांचा दवाखाना सुरू केला. पुढं मलप्पुरम आणि आसपासच्या गल्ल्यांतले दुकानदार, विद्यार्थी, घरातल्या बायका थोडं शिकून आजाऱ्यांच्या घरी जायला लागल्या. मशिदीतले, देवळातले, चर्चमधले एकत्र. त्यांना जमलं ते आपल्याला न जमण्यासारखं त्यात काही नाही.

म्हणून वही कर, तारखांची. मयतीनंतर तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेपर्यंत घर भरलेलं असतं. मग पाहुणे एस.टी. पकडून जातात. तुमचं काम तिथून सुरू. महिन्यानं, तीन महिन्यांनी, पहिल्या नाताळाला, वर्षाच्या तारखेला. पहिल्या नाताळाला विधवेकडे फराळाचं ताट घेऊन सगळेच जातील; तू विचार, "त्यांना काय आवडायचं गं नाताळाला?" गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला आपण घाबरतो, तिला वाईट वाटेल म्हणून. तिला तर ते नाव कुणीतरी घ्यावं असंच वाटत असतं.

पुरुषांबद्दल मी जास्त काळजीत आहे. सोयाबीनचा भाव पडलेला, सोसायटीचं कर्ज, वर सावकाराचं वेगळं, आणि लेकीचं लग्न ठरलेलं. असा माणूस रविवारी शेवटच्या रांगेत बसून गीत म्हणतो आणि कुणाशी न बोलता निघून जातो. त्याच्या घरी जाऊन खुर्ची टाकून "सांगा काय अडचण आहे" असं विचारलं तर तो "काही नाही, देवाच्या कृपेनं बरंय" म्हणेल. त्याच्याबरोबर शेतात जाणारा माणूस पाहिजे. बांधावरून चालताना पुरुष बोलतात. म्हणून गटात चार-पाच पुरुष आणल्याशिवाय सुरुवात करू नको, भले थोडं थांबावं लागलं तरी. आणि त्यांना हे शिकव: शंका आली तर सरळ विचारायचं, "जीव द्यायचा विचार येतो का मनात?" विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो असं लोकांना वाटतं, ते खरं नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही. घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी तिथून हलवायचं, घरातल्या एकाला विश्वासात घ्यायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मनाच्या आजाराला नुसती प्रार्थना पुरेल, गोळ्या बंद करा, असं मंडळीत कुणी सांगत असेल तर त्याला प्रेमानं पण स्पष्ट अडव. साखरेच्या गोळ्या बंद करा असं आपण कुणाला सांगत नाही.

पैशांचं थोडक्यात. भेटीला जाणाऱ्यानं स्वतःच्या कनवटीचे उसने देऊ नयेत, घेऊ तर नयेतच. गरज दिसली तर त्या माणसाला विचारून पंचांकडे सांगायचं, मंडळीच्या फंडातून दोघांच्या सहीनं जाऊ दे. उसन्यापायी तुटलेली नाती परत जुळवणं फार जड जातं.

आणखी एक, माझ्या अगदी मनातलं. शेजारच्या घरी, जे आपल्या मंडळीतले नाहीत, तिथंही जाशील ना? येळवशीला तुम्हाला शेतात बोलावून भज्जी आणि आंबील वाढणारी ती माणसं. जरूर जा. पण डब्याबरोबर सुवार्तेची पत्रिका नेऊ नको. अडलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि त्याच्या अडचणीचा तसा फायदा घेणं मला पटत नाही. कुणी आपणहून विचारलं, "तुम्ही आमच्यासाठी एवढं का करता," तर सांग. तोवर भात गरम आहे की नाही ते बघ. यापोच्या दुर्कसेबद्दल शास्त्रात काय येतं आठव. ती गेली तेव्हा विधवा रडत उभ्या होत्या आणि तिनं शिवलेले अंगरखे दाखवत होत्या. तिचं एकही भाषण तिथं लिहिलेलं नाही.

मंगळवारी पंच बसतील तेव्हा मोठा कार्यक्रम, बॅनर, उद्घाटन हे सगळं टाळ. तीनच घरं घे सुरुवातीला, आणि ती कोणती ते पंचांसमोर वाचून दाखवू नको. गट कसा चालेल तेवढं सांग, गुप्ततेचा नियम लेखी मंजूर करून घे, आणि अपवादही त्याच कागदावर लिहून घे. तारखांच्या वहीत नावं घालू नको, खुणा घाल. ती मंडळीच्या कपाटात ठेवू नको, तुझ्याजवळ ठेव, किल्लीसकट. कानडी येणारी कोण कोण आहे त्याची यादी मला पाठव. भालकीकडची माझ्या ओळखीची एक रिटायर्ड सिस्टर निलंग्यात राहायला आली आहे, तिला विचारून बघते.